एम.एस्सी.ची जागा आधीच का ठरू नये?

नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण अशी मांडणी आहे. कागदावर छान! पण पुढे जागा मिळेलच, असे कोणी सांगत नाही. माझ्या मुलीने रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी तीन-चार महाविद्यालयांत अर्ज भरले. प्रत्येकाचे शुल्क वेगळे, गुणवत्ता यादी वेगळी. सहाव्या सत्राची गुणपत्रिका अपलोड करायच्या रकान्यात टाकणार काय? निकालच लागला नव्हता.

कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात बारावीनंतर ‘नेस्ट’ या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळाला की पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. करता येते, मध्ये पुन्हा रांग नाही. सगळीकडे हे जमणार नाही, मान्य. महाविद्यालयांनी बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी निम्म्या जागा खुल्या ठेवाव्यातच. उरलेल्या मात्र पाचव्या सत्रापर्यंत ठरावीक सरासरी राखणाऱ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना आधीच द्याव्यात. आरक्षण अर्थातच नियमाप्रमाणे. ती सरासरी किती, हे पदवीच्या पहिल्याच वर्षी माहितीपत्रकात छापावे.

– एक पालक, मुलुंड