ध्यानवर्ग उपचार कक्षात हवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्रात ध्यानाची सोय असावी, ही आमची मागणी आहे. मात्र आम्हाला उद्घाटन, फलक आणि गर्दी असलेली शिबिरे नकोत. ध्यानाने गाठ विरघळत नाही. 'अ‍ॅस्को' आणि 'एसआयओ' या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये सजगता-ध्यानाची (माइंडफुलनेस) शिफारस केली, ती चिंता आणि नैराश्य कमी करण्यासाठी.

प्रचलित अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो: आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, शिवाय घरी रोज ४५ मिनिटे. केमो चालू असलेल्या माणसाला हे कसे झेपावे? आमच्या मते दहा-दहा मिनिटे दिवसातून दोनदा पुरे. पाठीला टेकण असलेली खुर्ची द्यावी, मांडी घालण्याचा आग्रह धरू नये. डोळे मिटल्यावर मळमळ वाढत असेल तर ते उघडे ठेवून समोर एका जागी पाहावे.

खरी चूक होते ती लक्ष कुठे ठेवायचे हे सांगताना. सगळ्यांना सरसकट 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हटले जाते. धाप लागणारा रुग्ण त्याने आणखी घाबरतो. त्याला खोलीतले आवाज ऐकायला सांगावे. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिन या केमोच्या औषधांमुळे तळपायांना मुंग्या येत असतील तर लक्ष तिथे नेऊ नये, मांड्यांना होणारा खुर्चीचा स्पर्श घ्यावा. शरीरावरून लक्ष फिरवताना स्तन काढलेल्या स्त्रीला छातीचा भाग वगळून पुढे जाण्याची मुभा हवी. रेडिएशनच्या टेबलावर रुग्णाने आपल्या मनाने दीर्घ श्वास घेतला तर छाती-पोटातली जागा हलते आणि मारा चुकू शकतो. तिथे तंत्रज्ञ सांगेल तसाच श्वास घ्यायचा. डोक्या-मानेच्या रेडिएशनसाठी चेहऱ्यावर घट्ट मास्क बसतो, त्यात जीव कोंडतो. म्हणून या रुग्णांचा ध्यानाचा सराव मास्क बनवण्याआधीच सुरू व्हावा.

ध्यानात दिली जाणारी सर्वांत घातक सूचना म्हणजे 'जे जाणवेल ते नुसते पाहा'. सलाईनमधून औषध जात असताना सुईपाशी आग होऊ लागली, तर पाहत बसायचे नसते. औषध शिरेबाहेर झिरपत असू शकते, आणि डॉक्सोरुबिसिनसारखे औषध आजूबाजूची कातडी आणि मांस जाळते. त्या क्षणी नर्सला हाक मारायची. ३८ अंश सेल्सिअस ताप, छातीतली कळ, नव्याने लागलेली धाप, यांनाही हाच नियम. शिकवणाऱ्याला हे तोंडपाठ नसेल तर त्याला केमोच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नये.

म्हणूनच प्रशिक्षक उपचार पथकातला असावा आणि कर्करोगतज्ज्ञाला उत्तरदायी असावा. पहिल्याच भेटीत ० ते १० या पट्टीवर ताण विचारावा; ४ किंवा जास्त आला तर मानसोपचार विभागाने रुग्णाला तपासावे. आत्महत्येचे विचार, भास किंवा जुना आघात असलेल्याला एकटे डोळे मिटून बसवणे घातक ठरू शकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरून संसर्गाचा धोका वाढला असेल त्या दिवसांत घोळक्यात बसवू नये, फोनवरून सत्र घ्यावे.

'सकारात्मक राहा, बरे व्हाल' असे फलक लावले असतील तर ते उतरवायला सांगा. आजार उलटला की रुग्ण स्वतःलाच दोष देतो. ध्यानासाठी केमोची तारीख पुढे ढकलायला सांगणाऱ्या कुणालाही परवानगी मिळू नये, आणि प्रशिक्षकाचे पद पगारी ठेवावे. केमोची आवर्तने महिनोन्‌महिने चालतात. मध्येच माणूस बदलला की पुढच्या प्रशिक्षकाला रुग्णाच्या अडचणी पुन्हा पहिल्यापासून समजून घ्याव्या लागतात.

आपले,
कर्करुग्णांच्या सहायक उपचारांत काम करणारे