पोसायडन, कोल्हासुर आणि रुसलेली टेंबलाई

प्रिय अव्या,

परवा फोनवर म्हणालास निवांत लिही की कधीतरी, तर घे भावा, आज सुट्टी आहे, चहा झालाय आणि डोक्यात एक भुंगा शिरलाय तो तुझ्या गळ्यात घालतो.

झालं असं की पुतण्याला घेऊन आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला गेलेलो. आपण शाळेतनं गेलो होतो बघ, तेव्हा तोफा बघून आणि बाहेर भेळ खाऊन परत आलो. या खेपेला ती काशाची छोटी मूर्ती नीट बघितली. वीतभर पण नाही रे. दाढीवाला, अंगावर कपडा नाही, एक हात वर. पोरगं म्हणालं "काका हा शंकर काय?" मी म्हटलं नाही बाबा, हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्राचा देव. तर म्हणतो "गेममधला? तो इथं काय करायलाय?" आता काय सांगणार, प्रश्न बरोबरच होता! समुद्र बघायचा तर आपल्याला घाट उतरायला लागतो आणि हा पठ्ठ्या सापडला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला, 1940च्या दशकात. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, कोकणातल्या बंदरात माल उतरायचा आणि बैलांवर लादून घाट चढायचा, त्यातनं कुणीतरी आणला असणार. घेणाऱ्याला हा कोण ते माहिती होतं का नुसता शोभेला घेतला, देव जाणे.

मग घरी येऊन त्याला पोसायडनची गोष्ट सांगितली. अथेन्स शहर कुणाचं यावरनं त्याची आणि अथीनाची लागली. यानं त्रिशूळ आपटून खडकातनं पाणी काढलं, पण निघालं खारट, प्यायच्या कामाचं नाही. तिनं ऑलिव्हचं झाड दिलं, फळ, तेल, लाकूड सगळंच. ती जिंकली, गावाला तिचं नाव लागलं, आणि हा असा पेटला की आसपासचा सगळा सपाट मुलूख पाण्याखाली घातला. आई आतनं म्हणाली "2019ला आपल्याकडंबी ह्योच आलता काय?"

आणि तिथंच माझी ट्यूब पेटली. अरे आपल्याकडं उलटंच झालंय की! अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं, जिंकली ती, आणि गावाला नाव कुणाचं? हरलेल्याचं! मरता मरता त्यानं मागितलं आणि तिनं देऊन टाकलं. आज्जी सांगायची तेव्हा यात काही विशेष वाटलं नव्हतं. जिंकणारा शत्रूला असलं काही द्यायला सहसा तयार नसतो बघ. बाबिलोनचा मर्दुक घे, त्यानं तियामत नावाच्या समुद्राच्या आदिमातेला सुकट फाडावी तशी उभी चिरली, एका अर्ध्याचं आभाळ केलं, दुसऱ्याची जमीन, आणि तिच्या सेनापतीच्या रक्तातनं माणसं बनवली, का तर देवांची कामं करायला! म्हणजे आपण सगळे बिनपगारी गडी. हे सगळं मातीच्या 7 पाट्यांवर लिहिलंय आणि त्यांच्या वसंतातल्या नव्या वर्षाला, चौथ्या दिवशी, पुजारी ते मर्दुकासमोर म्हणायचे. आपल्यात पण पाडव्यालाच ब्रह्मदेवानं सृष्टी केली म्हणतात ना? कुणी कुणाचं उचललं असं मी म्हणत नाही हां, थंडी सरून झाडाला पालवी फुटली की सगळ्यांनाच तसं वाटत असेल.

पण मला विचारशील तर सगळ्यात भारी आपली टेंबलाई. कोल्हासुराच्या पोरानं, कामाक्षानं, सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्या केल्या, हिनं म्हातारीचं सोंग घेऊन त्यांना सोडवलं, आणि विजयाच्या जेवणाला तिलाच बोलवायला विसरले! गेली टेकडीवर पाठ फिरवून. पोसायडनसारखा पूर नाही, काही नाही, नुसता अबोला. मग थोरल्या बहिणीला, अंबाबाईलाच, दरवर्षी पालखीत बसून ललिता पंचमीला तिच्या दारात जायला लागतं, आणि तिथं कोल्हासुराच्या नावाचा कोहाळा फुटतो. आपल्या मावश्यांचं लग्नातलं मानापमान आठव, तंतोतंत तेच. तुला आठवतंय, फोडीसाठी झोंबाझोंबीत तुझं एक चप्पल गेलं होतं आणि तू एका पायावर घरी आलेलास?

येताना रंकाळ्यावर नंदीपाशी पण थांबलो. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं, आणि तळ्याच्या पाण्याला पोचला की जगबुडी, असं म्हणतात ना. पोरग्यानं लगेच हिशोब घातला, रोज किती मिलिमीटर वगैरे, आणि पायाजवळ मोबाईल टेकवून फोटो काढलाय, पुढच्या वर्षी परत काढून ताडून बघणार म्हणे. आपण खडूची रेघ मारलेली ती पहिल्याच पावसात गेली होती, आठवतं ना?

पंचमीला ये मग. काकींना नमस्कार सांग. चप्पल जुनं घालून ये.

तुझाच,
बंड्या