टँकर नकाशावर आणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

यंदा पैठणहून पंढरपूरला निघालेल्या नाथांच्या पालखीसोबत आमची दिंडी चालली, तेव्हा पाण्याच्या टँकरवर एपीआरएस ट्रॅकर (आपले ठिकाण रेडिओवरून कळवत राहणारे यंत्र) बसवण्याचे काम मी अंगावर घेतले होते. बालाघाटाच्या डोंगरात मोबाइलची रेंज जाते, टँकर पुढे गेला की मागे अडकला हे कुणालाच कळत नाही आणि वारकरी भर दुपारी रिकाम्या पिंपाशेजारी वाट पाहत बसतात, हे मी गेल्या वर्षी पाहिले होते.

प्रस्थानाला आठवडा उरला असताना ट्रॅकर चालू होता, हातातल्या रेडिओ सेटवर त्याचा 'बर्र' असा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, तरी पाटोद्याच्या आपल्या घरच्या रेडिओ स्टेशनवर नकाशात एकही ठिपका उमटत नव्हता. फोनवर उपाय सांगून आपल्याला थांबता आले असते; आपण एसटीने आमच्या गावी आलात.

कानाला ऐकू आलेले पॅकेट, म्हणजे एका वेळी सुटणारा माहितीचा तुकडा, यंत्राला वाचता आलेले असतेच असे नाही, हे मला त्या दुपारी समजले. १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांतून सेकंदाला १२०० बिट जातात आणि पॅकेटच्या शेवटी तपासणीचे १६ बिट असतात. एक बिट जरी चुकला तरी घेणारे यंत्र अख्खे पॅकेट टाकून देते आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या ट्रॅकरचा आवाज इतका चढा होता की स्वर फाटत होते. आपण बारीक स्क्रू ड्रायव्हरने प्रीसेट (आवाज कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) पाव फेऱ्याहून कमी मागे घेतला, सेट पूर्ण ताकदीवर येण्याआधीच माहिती सुटू नये म्हणून सुरुवातीचा विलंब ३०० मिलिसेकंद केला, आणि तिसऱ्या प्रयत्नाला ट्रकचे चिन्ह पडद्यावर आले. मी दर दहा सेकंदांनी पॅकेट सोडत होतो, तेही आपण थांबवलेत, कारण रेडिओची वाहिनी (फ्रिक्वेन्सी) सगळ्यांची एकच आहे आणि एकाच्या अधीरपणाने बाकीच्यांची पॅकेटे एकमेकांवर आदळतात. दोन मिनिटांचे अंतर आणि 'वाइड १-१, वाइड २-१' एवढीच वाट, म्हणजे मधल्या स्टेशनांनी पॅकेट फार तर दोनदा पुढे पाठवणे, पुरेशी ठरली.

या एपीआरएस पद्धतीचे जनक बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोड्यांच्या दौडीत घोडे कुठवर पोहोचले हे संगणकावर दाखवले होते, ही गोष्ट आपण चहा घेताना सांगितलीत. आपल्या भागात त्या कामाला वारीइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे मला मनापासून वाटते.

वाटेत इंटरनेट नसताना माझ्या सेटवर 'चार किलोमीटर, ईशान्य' असे उमटले, तेव्हा टँकर मागे राहिल्याचे आम्ही विणेकऱ्यांना लगेच सांगू शकलो आणि दिंडी झाडीच्या सावलीत थांबवली. रेंज असलेल्या टप्प्यांत आपले स्टेशन तीच पॅकेटे इंटरनेटवर पोहोचवत होते. माझी आई घरी नातवाला टँकरचे चिन्ह दाखवत होती. टँकर मुक्कामी थांबल्याचे दिसेपर्यंत आपण रोज रात्री सेटसमोर बसलात, हे मला नंतर काकूंकडून कळले.

आपला स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडेच राहिला आहे. दसऱ्याच्या आत पाटोद्याला येऊन तो परत करीन आणि आपल्या गच्चीवरचा अँटेना उतरवून त्याची गंजलेली जोडणीही बदलून देईन.

आपला कृतज्ञ,
दिंडीतील एक हॅम (हौशी रेडिओचालक)
७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा)