तक्रार पत्र: बिघाड पंख्यात, बदलला कॉम्प्रेसर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गाडीच्या एसीतला बिघाड न शोधता गॅस भरल्याबद्दल व कॉम्प्रेसर बदलल्याबद्दल तक्रार

महोदय,

एसीच्या एकाच तक्रारीसाठी माझी गाडी तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा आली. तिन्ही वेळा मी काउंटरवर एकच गोष्ट सांगितली: गाडी पळत असते तोवर एसी छान थंड करतो, सिग्नलला किंवा कोंडीत उभी राहिली की दोन-तीन मिनिटांत कोमट हवा येऊ लागते, आणि पुन्हा वेग घेतला की आपोआप थंडावा येतो. तिन्ही जॉबकार्डांवर मात्र एवढेच लिहिले गेले: ‘एसी कूलिंग कमी’. माझ्या सांगण्यातला जो भाग बिघाडाकडे बोट दाखवत होता, नेमका तोच कागदावर आला नाही. पुढचे सगळे नुकसान तिथून सुरू झाले.

पहिल्या वेळी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरून दिला. आधी किती होता आणि किती भरला, याची नोंद बिलावर नाही. एसीतला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. बऱ्याच वर्षांत थोडाफार झिरपतो हे मान्य. पण तो खरोखर कमी झाला असेल, तर कुठून गेला हे आधी शोधायला हवे होते. गळती शोधणारा डिटेक्टर फिरवला नाही, नायट्रोजनचा दाब देऊन पाहिला नाही, सांध्यांना साबणाचा फेससुद्धा लावला नाही. माझ्या गाडीच्या बोनेटखाली स्टिकर आहे, त्यावर आर-१३४ए (गॅसचा प्रकार), ४८० ग्रॅम असे स्वच्छ छापले आहे. म्हणजे गॅस वजनावर भरायचा असतो. तुमच्या माणसाने इंजिन बंद असताना दाब मोजायचा गेज लावला, काटा पाहिला आणि अंदाजाने भरला. एसी बंद असताना गेजवर दिसणारा दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला, तरी २०० ग्रॅमला आणि ५०० ग्रॅमला काटा जवळपास एकाच जागी थांबतो. त्यावरून ‘कमी आहे’ हे ठरवता येतच नाही.

गॅस भरल्यावर त्रास वाढला. आता गाडी उभी असताना ‘टक’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा लागायचा. मी पुन्हा आले, तर सल्लागारांनी सांगितले की कॉम्प्रेसर कमजोर झाला आहे. मी विचारले, कशावरून? ‘अनुभवावरून’ हे उत्तर मिळाले. कॉम्प्रेसर खरोखर कमजोर असेल तर एसी चालू असताना लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा) दाब नेहमीपेक्षा जास्त आणि हाय साइडचा (त्यातून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) कमी दिसतो. हे दोन आकडे लिहून दाखवले असते, तर मी एका शब्दानेही वाद घातला नसता. पण एसीतला सर्वांत महाग भाग बदलताना एकही आकडा कागदावर नव्हता. जुना कॉम्प्रेसर मागितला, तर ‘कंपनीकडे परत गेला’ असे सांगितले. काम करण्यापूर्वी मला तो हवा आहे का, हे कुणी विचारले नव्हते.

तिसऱ्या वेळी तीच तक्रार घेऊन आले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘उन्हाळा आहे, एवढे होणारच.’ त्या दिवशी मी तुमच्या वर्कशॉपमध्ये शेवटपर्यंत थांबले आणि तपासणी पाहिली. गाडीच्या तोंडाशी एक मोठा उभा पंखा लावलेला होता. बोनेट उघडे, पंखा जोरात, आणि व्हेंटमध्ये थर्मामीटर. तो ८ अंश दाखवत होता. ‘बघा, एकदम ओके आहे,’ असे म्हणून गाडी माझ्या ताब्यात दिली. ज्या परिस्थितीत एसी बिघडतो, नेमकी तीच तुमच्या पंख्याने पुसून टाकली होती. माझी गाडी तुमच्याकडे प्रत्येक वेळी ‘ठीक’ का निघत होती, ते मला तिथे कळले, पण ते सांगायला मला शब्द सापडले नाहीत.

दोन दिवसांनी मी आईला डॉक्टरांकडे नेत होते. कोंडीत २५ मिनिटे अडकलो, काचा खाली केल्या तर बाहेरचा धूर आत यायचा, वर केल्या तर गुदमरायचे. आईला दम लागला, तिचे हात गार पडले. एसी ही चैनीची वस्तू नसते, हे मला तुम्हाला वेगळे सांगायला लागू नये.

त्यानंतर मी बाहेरच्या एका एसी मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि गेज लावण्याआधीच म्हणाले, ‘मग आधी कंडेन्सरचा पंखा बघू.’ कंडेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. गाडी जागेवर उभी ठेवून त्यांनी एसी लावला. सावलीत ३६ अंश तापमान होते. पंखा हललाच नाही. हाय साइडचा काटा चढत ४०० पीएसआयच्या आसपास गेला आणि तोच ‘टक’ आवाज होऊन कॉम्प्रेसर बंद झाला. दाब धोक्याच्या पातळीला गेला की सिस्टिम वाचवण्यासाठी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे तुम्ही ज्याला कॉम्प्रेसरचा दोष समजलात, ती त्याची सुरक्षा होती. मग त्यांनी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होताच कंडेन्सरच्या जाळीवर बादलीभर पाणी ओतले. काटा झरकन खाली आला आणि व्हेंटमधून थंड हवा सुटली. एवढ्यावर निदान झाले: गॅस आहे, कॉम्प्रेसर दाब देतो आहे, फक्त कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाही. गाडी पळताना समोरचा वारा ते काम करतो, उभी राहिली की पंख्याने करायचे असते.

पंख्याच्या कमी वेगाचा रेझिस्टर (वीज अडवून पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग) जळालेला निघाला. त्यामुळे इंजिन खूप तापले की पंखा जास्त वेगावर फिरायचा, पण एसी लावल्यावर जो कमी वेग सुरू व्हायला हवा तो होतच नव्हता. इंजिनचा काटा वर गेला नाही तो यामुळेच, आणि तुमच्या माणसांना पंखा ‘चालू’ दिसला तोही यामुळेच. तळहातापेक्षा लहान असलेला तो भाग बदलायला अर्धा तासही लागला नाही. नंतर त्यांनी मशिनने गॅस काढून तोलला. वजन निघाले ६४० ग्रॅम, म्हणजे स्टिकरपेक्षा १६० ग्रॅम जास्त. जादा गॅसने थंडावा वाढत नाही, उलट कंडेन्सरमध्ये द्रव साचून दाब आणखी चढतो. व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा खेचून काढून, त्यांनी मोजून ४८० ग्रॅम भरला. आता भर कोंडीतही व्हेंटमध्ये १० अंश मिळतात.

मला अजून एक काळजी आहे. कॉम्प्रेसर बदलताना तुम्ही सिस्टिम उघडलीत, पण बिलात ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नाही आणि व्हॅक्यूम किती वेळ केला याचीही नोंद नाही. उघड्या नळ्यांत हवेतला ओलावा शिरतो, ड्रायर तो शोषून लवकर भरून जातो, आणि आत उरलेल्या ओलाव्यामुळे पुढे आम्ल तयार होऊन आतले भाग खराब होतात. म्हणजे धडधाकट सिस्टिम उघडून तुम्ही तिचे आयुष्य कमी केले असण्याची शक्यता आहे.

म्हणून माझी मागणी अशी: कॉम्प्रेसर, त्याची मजुरी आणि पहिल्या वेळी भरलेला गॅस यांचे पूर्ण पैसे परत करावेत. जुना कॉम्प्रेसर सदोष होता असे तुमचे म्हणणे असेल, तर त्या दिवशीचे दोन्ही बाजूंचे दाब लेखी द्यावेत. ड्रायर तुमच्या खर्चाने बदलून द्यावा, आणि त्या कामाच्या कागदावर व्हॅक्यूमचा वेळ व भरलेल्या गॅसचे वजन असावे. नवीन कॉम्प्रेसरची वॉरंटी ‘बाहेर काम केले’ या सबबीखाली रद्द होणार नाही, हेही लेखी हवे. बाहेरच्या मेकॅनिकला हात लावू देण्याआधी मी तुमच्या दारात तीन वेळा आले होते.

जळालेला रेझिस्टर, गॅसच्या वजनाची मशिनची पावती आणि तुमची तिन्ही जॉबकार्डे माझ्याकडे आहेत, प्रती सोबत जोडल्या आहेत. तुम्हाला गाडी स्वतः तपासायची असेल तर मी घेऊन येईन. फक्त तपासणी माझ्यासमोर, बोनेट बंद ठेवून, समोर पंखा न लावता आणि गाडी किमान १५ मिनिटे जागेवर उभी ठेवून व्हावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्राहक

सोबत: जॉबकार्डांच्या व बिलांच्या प्रती, गॅसच्या वजनाची पावती, रेझिस्टरचा फोटो