बांगडा किनाऱ्याचाच

महोदय,

मासळी महागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. बांगडा ‘खोल समुद्रात निघून गेला’, हे त्यातले कारण मात्र पटले नाही. बांगडा साफ करताना त्याचा कल्ला उघडून पाहावा. आत पिसासारख्या लांब, दाट दात्यांची गाळणी दिसते. तोंड उघडे ठेवून थवा पोहत राहतो आणि पाण्यातले प्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, या गाळणीत अडकतात. तेच त्याचे अन्न. पावसाळ्यात तळाचे थंड, सकस पाणी वर येते, किनाऱ्यालगत प्लवंग माजतात आणि त्यामागे बांगडाही येतो. आमच्या रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांची, सारी भिस्त याच पट्ट्यावर आहे.

म्हणूनच गोव्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची मनाई आहे. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवरही केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री वाळूत उभे राहिले की समोर दिवे दिसतात, आणि सकाळी बाजारात बोटाएवढ्या पिल्लू बांगड्यांच्या टोपल्या. जून-जुलैची मासेमारीबंदी उठताच या पट्ट्यात रात्रीची गस्त सुरू व्हावी, ही सरकारला कळकळीची विनंती.

– एक वाचक, काणकोण