वीस वर्षांनंतर नोकरी सोडण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हयातीचा दाखला देऊन परतल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "2028 मध्ये तुझी वीस वर्षे भरतील, मग स्वेच्छानिवृत्ती घे आणि गुडघे सांभाळ." मी नुसते "बरं" म्हटले, पण माझ्या मनात तसे नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या वेळी 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन नोकरी सोडता येत असे आणि पेन्शन लगेच सुरू होत असे. मी पोलीस शिपाई म्हणून भरती झाले 2008 साली, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 नंतर, त्यामुळे मला ती जुनी पेन्शन लागू नाही. माझ्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम दरमहा कापली जाते, शासन 14 टक्के घालते आणि त्या पैशाचे पुढे काय होईल ते बाजारावर अवलंबून असते.

मार्च 2023 मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यातील कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आम्ही त्यांच्याच मोर्चाच्या बंदोबस्ताला उभे होतो. त्या घोषणा माझ्याही होत्या, बाबा. पण वर्दीतल्या माणसाला संप करता येत नाही, त्यामुळे आमचे म्हणणे दुसऱ्यांच्याच तोंडून सरकारपर्यंत पोहोचते.

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना मान्य केली. तिच्यात मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शनची हमी आहे, हे चांगलेच झाले. मात्र पूर्ण लाभासाठी पंचवीस वर्षे सेवा लागते, आणि केंद्राने ठरवल्याप्रमाणे पंचवीस वर्षांनंतर स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याला हमीची रक्कम निवृत्तीच्या ठरलेल्या वयापासूनच मिळते. हीच अट आम्हाला लागली, तर 2033 मध्ये नोकरी सोडून मला 2044 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, थांबावे लागेल. मुलांच्या शिक्षणाचीच ती वर्षे आहेत.

निवृत्तीचे वय 58 वरून 60 करण्याची मागणी कर्मचारी संघटना करतात. टेबलावरच्या कामाला ते चालेल, पण गणपतीच्या बंदोबस्तात रात्रभर उभ्या राहणाऱ्या शिपायाला ते सक्तीचे करू नये आणि पोलिसांसाठी वीस वर्षांची जुनी अट कायम ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर मी अर्ज करणार नाही. आई, गुडघ्यांना लावायचे तेल संपले आहे; कोणी इकडे येणार असेल तर पाठव.

तुमची,
थोरली