माझी मोटरसायकल देशी की परदेशी, ते एकदा लेखी कळवा

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली

विषय : कायमस्वरूपी परतताना सोबत आणलेल्या दुचाकीची नोंदणी होत नसल्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्यामागे कामांचा व्याप मोठा आहे याची जाणीव ठेवून हे पत्र लिहीत आहे.

परवा आमच्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयाने, मी ब्रिटनहून सोबत आणलेल्या माझ्या मोटरसायकलच्या नोंदणीचा अर्ज पुन्हा एकदा परत पाठवला. पोर्टलवर शेरा एवढाच : ‘योग्य कागदपत्रे जोडावीत’. कोणती, ते लिहिलेलं नाही. रजा टाकून खिडकीवर गेलो तेव्हा तोंडी कळलं. गाडीचा चासी नंबर ‘एमडी२’ या अक्षरांनी सुरू होतो. त्याअर्थी गाडी भारतात बनलेली आहे. त्याअर्थी इथल्या डीलरचं विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, आणि गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २२, आणा. ते नसतील तर नंबर मिळणार नाही.

महोदय, याच गाडीवर मुंबई बंदरात माझ्याकडून परदेशी गाडी म्हणून शुल्क भरून घेतलं आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काकडचा आयातीचा कागद, माझ्याकडे आहे, पैसे भरल्याचं चलन आहे. सरकारच्या एका टेबलावर ती परदेशी ठरली आणि पैसे गेले, दुसऱ्या टेबलावर ती देशी ठरली आणि नंबर अडला. सरकार एकच आहे ना?

गाडी कोणती ते सांगतो. ट्रायम्फ स्पीड ४००. नाव ब्रिटिश, पण बनते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. जुलै २०२३ मध्ये इथे बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत २ लाख ३३ हजार रुपये होती. चाकणहूनच ती ब्रिटनला जाते. तिथे ती ४,९९५ पौंडांना विकायला आली, म्हणजे आपल्या पाच लाखांच्या वर. मी ती २०२४ मध्ये लीड्सला घेतली, तिथला सगळा कर भरून.

तिकडेच विकून इथे नवी का घेतली नाहीस, असं मला खिडकीवरच्या साहेबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे. माझे वडील पिंपरी-चिंचवडला कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर पाळ्या केल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात आई आणि ते माझ्याकडे आले. गाडी पाहिल्यावर त्यांनी चष्मा लावून आधी चासी नंबर वाचला आणि म्हणाले, “ही तर आपल्याकडची आहे रे.” सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या मागे बसून व्हिटबीच्या समुद्रापर्यंत आला. भारतात परतल्यावर त्याच हिवाळ्यात ते वारले. आई एकटी पडली, म्हणून मी नऊ वर्षांचा संसार आवरून कायमचा परत आलो. तिकडचं फर्निचर वाटून टाकलं, चारचाकी विकली. ही गाडी विकणार नव्हतो. कायद्याने आणता येते म्हणून आणली, चोरून आणलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते मी पुढे पाऊल टाकण्याआधी वाचलं होतं. वापरलेली गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. माझी आहे. ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. घरसामानाचा कंटेनर न्हावाशेवाला उतरला, पण या नियमापायी गाडीचं बुकिंग वेगळं करून ती मुंबईला उतरवली आणि भाडं दोनदा भरलं. जहाजावर चढवण्याआधी तिकडे एक चाचणी, इथे उतरल्यावर बंदरातून सुटण्याआधी दुसरी. इथल्या चाचणीसाठी नियमात पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि बुधनीची संस्था अशी वाहनं तपासणाऱ्या संस्थांची नावं दिलेली आहेत. पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील असं प्रमाणपत्र हवं, तेही घेतलं. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. ब्रिटनमध्येही डावीकडूनच चालतात, म्हणून तेवढं एक सुटलं. स्पीडोमीटर मात्र मैलांचा होता आणि नियमाला किलोमीटरचा हवा, म्हणून चांगला चालू असलेला मीटर काढून टाकला आणि नवा बसवला. तो नवा मीटर मिळाला कुठे? इथल्याच शोरूममध्ये, कारण इथे हीच गाडी विकतात!

आता पैशांचं. वापरलेल्या गाडीची किंमत बंदरावर ठरते ती परदेशातल्या नव्या गाडीच्या किमतीवरून. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी दर तिमाहीला ३ टक्के अशी घट धरतात. म्हणजे चाकणला बनून इथे २ लाख ३३ हजारांना बाजारात आलेल्या गाडीची किंमत लीड्सच्या पाच लाखांवरून खाली मोजत आणली. त्यावर सीमाशुल्क. त्या दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी, जो ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. माझी गाडी ३९८ सीसीची. सगळं मिळून गाडीच्या ठरवलेल्या किमतीपेक्षा कर जास्त झाला. साडेपाच लाखांच्या आसपास गेले, आणि त्यात चाचण्या, क्लिअरिंग एजंट, गोदामाचं भाडं धरलेलं नाही. त्या मधल्या काळात बंदराला सुट्ट्या आल्या, तेव्हा डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचं भाडं, माझ्या नावावर चढलं. सुट्टी सरकारची, भाडं माझं.

भारतात बनलेला माल परत देशात आणला तरी त्यावर आयातीसारखाच कर, असं सीमाशुल्क कायद्याचं कलम २० सांगतं. सवलतीची अधिसूचना आहे, २०१७ ची, ४५ क्रमांकाची. पण त्यासाठी माल निर्यात झाला तेव्हाचे कागद लागतात. ते कंपनीकडे असतात. दुकानातून एक गाडी विकत घेतलेल्या माणसाकडे शिपिंग बिल कुठून येणार? म्हणून मी सवलत मागितली नाही. परदेशी म्हणालात, परदेशी म्हणून पैसे भरले.

आणि भरून झाल्यावर आता म्हणता देशी.

फॉर्म २१ मला इथला कोणता डीलर देईल? त्याने मला गाडी विकलेलीच नाही. खोटा फॉर्म द्यायची तयारी एकाने दाखवली, आरटीओबाहेरच्या एजंटमार्फत, आणि त्याचा दरही सांगितला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझी फाइल जास्तच हळू सरकते असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी इथे उघडपणे लिहितो आहे. आधीच्या खेपेला अडचण वेगळी होती. ‘परदेशातल्या आरटीओची एनओसी’, म्हणजे ना हरकत दाखला, हवा होता, गोल शिक्क्यासह. ब्रिटनमध्ये गाडी कायमची बाहेर नेताना नोंदणी पुस्तिकेतला एक भाग भरून फाडायचा आणि स्वान्सीच्या वाहन परवाना कार्यालयाला टपालाने पाठवायचा असतो. उरलेली पुस्तिका तुमच्याजवळ राहते. काम संपलं. गोल शिक्का मारणारा माणूस त्या व्यवस्थेतच नाही. हे मी त्यांच्या सरकारी संकेतस्थळाची पानं छापून नेऊन समजावलं. ऐकून घेतलं, पानं ठेवून घेतली, आणि पुढच्या वेळी पुन्हा एनओसी मागितली.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला ४७ वा नियम काढून बघा. आयात केलेल्या गाडीसाठी तिथे सीमाशुल्काचा दाखला सांगितलेला आहे. तो मी पहिल्याच दिवशी जोडला आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४५ : नोंदणी नाकारायची असेल तर तसा आदेश काढून कारणांसह त्याची प्रत अर्जदाराला द्यायची. कलम ५७ : त्या आदेशावर तीस दिवसांत अपील. मला आदेशच मिळत नाही. नकार तोंडी, शेरा संदिग्ध. अपील कशावर करू? लेखी मागितलं की “साहेब मीटिंगला आहेत”. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, ठरल्या मुदतीत सेवा न देणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. त्या कायद्याचा बोर्ड त्याच भिंतीवर, त्याच खिडकीच्या डोक्यावर लावला आहे. आणि तुमच्या मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं की आरटीओच्या ५८ सेवा घरबसल्या मिळतील. लोकांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. माझं काम त्या यादीत बसत नाही, हे मला खिडकीवर उभं राहून कळलं.

पावसाळाभर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. टाकीच्या खालच्या कडेला गंज धरला आहे, बॅटरी मेली. नंबर नाही म्हणून रस्त्यावर काढता येत नाही, आणि चाचणीला न्यायची तर टेम्पोत घालून. सोसायटीने नोटीस दिली आहे की बिननंबरची गाडी आवारात ठेवू नका. आईला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाल्याच्या मर्जीवर. ती रोज विचारते, झालं का काम. मी रात्री जीआर वाचत बसतो. माझं रक्तदाब मोजण्याचं यंत्र या वर्षी घेतलं आहे, हे तुमच्या खात्याला सांगून काय उपयोग? तरी सांगतो.

हा एकट्या माझ्या गाडीचा प्रश्न नाही. बेळगाव आणि कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. इकडची लग्नं तिकडे, तिकडच्या नोकऱ्या इकडे. बेळगावच्या केए-२२ नंबरची गाडी घेऊन माणूस कोल्हापुरात राहायला आला की बारा महिन्यांत इथला एमएच-०९ नंबर करून घ्या, त्याआधी तिकडून एनओसी आणा, इथे पुन्हा कर भरा, आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी कर्नाटकात खेपा घाला. एकाच देशात! २०२१ मध्ये राज्य बदललं तरी तोच नंबर चालणारी बीएच मालिका आणलीत. ती कोणाला? सरकारी आणि लष्करी नोकरांना, आणि खासगीत फक्त त्यांना, ज्यांच्या कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं आहेत. गॅरेजवाला, खासगी शाळेतला शिक्षक, दुकानदार, स्वतःचा धंदा करणारा यांनी राज्य बदलायचंच नाही का?

मोठ्यांसाठी वाट लगेच निघते, हे मी डोळ्यांनी बघतो आहे. २०१८ पासून परदेशी कंपन्यांना ठरावीक संख्येपर्यंत गाड्या इथे पुन्हा प्रमाणित न करता आणायची सूट आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या परदेशी मोटरसायकलींचं शुल्क ५० टक्क्यांवरून ४० वर आणलंत, १६०० सीसी आणि त्यावरच्यांसाठी थेट ३० वर. जितकी महाग गाडी तितकी जास्त सूट. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. शंभर टक्क्यांच्या वर असलेलं मोटारींचं शुल्क कोट्यापुरतं १० टक्क्यांवर येणार आहे. कोट्यधीशाची ब्रिटिश मोटार दहा टक्क्यांत येईल, आणि फिटरच्या मुलाने चाकणची मोटरसायकल घरी आणली तर गाडीच्या किमतीहून जास्त कर. हे धोरण कोणी, कोणासाठी केलं, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. शुल्क दुसऱ्या मंत्रालयाचं, असं उत्तर येईल. मला ते नको. मी ज्या देशाला कर भरला तो एकच आहे.

तुमच्याच मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. आमच्याकडच्या हमरस्त्यावर विनानंबर, विनादिव्याचे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर चालतात. त्यांना कोणी फॉर्म २१ विचारत नाही. दोन देशांत तपासलेली, एबीएस असलेली, सगळे कर भरलेली माझी गाडी मात्र कागदासाठी उभी. आरटीओच्या माणसांची ताकद खर्च होते ती अशी, नियम पाळणाऱ्याला अडवण्यात, कारण तोच हातात कागद घेऊन समोर येतो.

आता मागणं. आयात झालेली गाडी भारतात बनलेली असली तरी तिची नोंदणी बिल ऑफ एंट्री आणि चाचणी प्रमाणपत्रावर करायची, असं एक पत्रक सगळ्या राज्यांच्या परिवहन आयुक्तांना काढा. एका पानाचं काम आहे. नोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत अशा गाडीसाठी रकाना नसेल तर तो करा. परदेशी आरटीओची एनओसी मागणं बंद करा.

महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कराचा दर देशी गाडीपेक्षा चढा आहे. तोही भरायला मी तयार आहे, पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. पण मग तुमच्या नोंदवहीत ती परदेशी लिहा आणि नंबर द्या. देशी लिहायची असेल तर बंदरावर घेतलेले साडेपाच लाख परत करा. दोन्ही नसेल जमत, तर कलम ४५ खाली कारणांसह नकाराचा आदेश माझ्या हातात द्या. तीस दिवसांच्या आत मी अपील करतो. कागद तयार आहेत, वकील बोलून ठेवला आहे.

आपला,
कायमचा परतलेला एक नागरिक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१) मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
२) परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई